जातीने हजर

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी पेठेत, पार्थसारथी स्वामींच्या देवळापासून समुद्राकडे संध्याकाळी फिरावयास निघालेल्या मनुष्यास थोड्याथोड्या अंतरावर औषधांचे एखादे दुकान लागते, आणि त्यांतील बहुतेकांच्या पाटीवर मालकाच्या इष्टदेवतेच्या नावापुढे 'मेडिकल्स' एवढा एकच शब्द असतो. हा शब्द इंग्रजी खरा, परंतु साहेबाच्या देशात तो या अर्थाने कोणी ओळखणार नाही; आणि मौज अशी की आपल्या कायद्यासही तो ठाऊक नाही. 1945 सालच्या औषध नियमांतील पासष्टाव्या नियमाने पाट्यांच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. ज्या दुकानास नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नाही त्याने 'ड्रगस्टोअर' म्हणवावे. ज्याने असा मनुष्य नेमला आहे, परंतु ज्याच्याकडे औषधे कालवून देण्याची सोय नाही, त्याने 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' म्हणवावे. आणि 'फार्मसी' हे बिरुद केवळ त्याने मिरवावे, ज्याच्या दुकानात खल, तराजू आणि मापाचे पेले यांसह औषध तयार करण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. 'मेडिकल्स' या तिन्हींत बसत नाही. आणि तरी सारे शहर त्याच नावाने औषध मागते.

हे मला सांगितले ते माझ्या दूरच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांना आमच्या आप्तवर्गात सारेच 'मामा' म्हणतात. त्यांचे घराणे तंजावरी मराठी. आजोबा तंजावरहून मद्रासला आले, वडील एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले आणि पुढे त्यांनी याच पेठेत स्वतःचे दुकान थाटले, जे मामांनी चाळीस वर्षे चालवून अलीकडेच विकले. मी गेलो त्या दिवशी कार्तिकातला पाऊस लागलेला होता, आणि घरी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी आली होती. ती फार्म. डी. झालेली, शहरातील एका खासगी रुग्णालयात नोकरीस असलेली आणि मामांशी वाद घालण्यास एका पायावर तयार असलेली मुलगी. त्या दोघांची बोली तंजावरी. तिचा गोडवा माझ्या पुणेरी लेखणीस उतरवता येणार नाही, म्हणून आशय तेवढा त्यांचा आणि भाषा बहुतांशी माझी, असे वाचकांनी समजावे.

"काका," ती मला म्हणाली, "मामांना विचारा, त्यांच्या मते या राज्यात फार्मासिस्ट कशासाठी हवा?"

"परवान्यासाठी," मामा शांतपणे उत्तरले. "दुकानास दहा चौरस मीटर जागा लागते, एक शीतपेटी लागते आणि भिंतीवर एक प्रमाणपत्र लागते. तिन्हींची मोजणी होते. शीतपेटी निदान चालू असावी लागते."

भाची हसली नाही. तिने सरळ 1948 सालच्या फार्मसी कायद्याचे बेचाळिसावे कलम काढले, आणि येथे मला त्या कलमामागचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कारण पुढील सारा वाद त्याच्याभोवती फिरतो. औषधांच्या अनिर्बंध विक्रीस आळा घालावा असा ठराव 1927 साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये मांडला तो पुण्याच्या सर हारून जाफर यांनी. त्यातून 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिने बनावट व निःसत्त्व औषधांची जी कैफियत मांडली, तिच्यावर कायदा होण्यास मात्र आणखी एक दशक जावे लागले. कारण 1935 च्या व्यवस्थेत हा विषय प्रांतांच्या अखत्यारीत होता, आणि प्रांतिक विधिमंडळांनी ठराव करून आपला अधिकार मध्यवर्ती विधिमंडळाच्या हाती दिला तेव्हाच 1940 चा औषध कायदा जन्मास आला. अंमलबजावणी मात्र प्रांतांकडेच राहिली. आजही दुकानाचा परवाना देणारा, निरीक्षक धाडणारा, खटला भरणारा तो राज्य सरकारचाच अंमलदार असतो, आणि फार्मासिस्टांचे नोंदणीपुस्तक राज्याच्या परिषदेपाशीच असते. म्हणून दिल्लीत लिहिलेल्या कायद्याची चव मद्रासेत एक आणि मुंबईत दुसरी लागते.

"बेचाळिसाव्या कलमात चार क्रियापदे आहेत," मामा म्हणाले. "औषध कालवणे, तयार करणे, मिसळणे आणि देणे. ही चार कामे नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरून करू नयेत. केल्यास सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड, असे मूळ कायद्यात लिहिले होते. माझे वडील ही चारही कामे करीत. खलात चूर्ण घोटीत, गोळ्या वळीत, मिश्रणाची बाटली भरून तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवीत, म्हणजे अडाणी बाईलाही कळावे की एका खाचेइतके एका वेळी घ्यावयाचे. ते मॅट्रिकही नव्हते. कायदा आला तेव्हा पाच वर्षे कंपाउंडरी केलेल्यास पहिल्या नोंदणीपुस्तकात घेण्याची तरतूद होती, तिच्यातून ते आत आले. म्हणजे ज्यांना हातचे काम येत होते त्यांना कायद्याने उपकार म्हणून घेतले, आणि ज्यांनी ते काम पुस्तकात पाहिले त्यांना हक्क म्हणून."

"आणि आता?"

"आता तीन क्रियापदे मेली. कालवणे गेले, तयार करणे गेले, मिसळणे गेले. सारे कारखान्यात होते. उरले ते 'देणे'. दहा गोळ्यांची पट्टी फळीवरून काढून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावयास चार वर्षांची पदवी कशाला? टपाल वाटणाऱ्यास आपण पत्रे लिहिण्याचे शिक्षण देतो का?"

हा दृष्टांत मामांना आवडलेला दिसला. त्यांनी तो पूर्वीही वापरला असावा. परंतु भाचीने त्याला उत्तर देण्याऐवजी एक औषध सांगितले. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावर दिले जाते ते आठवड्यातून एकदा; आणि चिठ्ठीवरील अक्षर न लागल्यामुळे किंवा सवयीने ते रोज घेतले गेले, तर तोंडात व्रण येतात, अस्थिमज्जा सुकते आणि मनुष्य दगावतो. "मामा, ती पट्टी मी कालवली नाही, तयार केली नाही, मिसळली नाही. मी ती फक्त दिली. परंतु देताना 'आजी, हे शुक्रवारीच, एकच' हे मी बोलले, की नाही बोलले, यावर त्या आजीचे जीवन अवलंबून आहे. चार क्रियापदांत सर्वांत जड तेच आहे. तीन मेली म्हणता. ती मेली नाहीत, त्यांचा भार याच्यावर आला."

मला वाटते, त्या संध्याकाळचे सर्वांत खरे वाक्य तिचे ते होते. आणि तरीही कायद्याच्या भाषेत ते कोठे सापडत नाही, ही त्यातील अडचण. पासष्टावा नियम याबाबत फक्त एवढेच म्हणतो की चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या जातीच्या देखरेखीखाली दिले जावे. 'जातीने हजर' हा आपल्या जुन्या दप्तरांतील शब्दप्रयोग किती नेमका आहे! मुखत्यार नको, गुमास्ता नको, सही नको, मनुष्य स्वतः. पण हजर राहून त्याने काय करावे, याविषयी नियम फारच थोडे बोलतो. 2015 साली फार्मसी परिषदेने विनियम काढले, त्यांत पांढरा अंगरखा आणि छातीवर नावाचा बिल्ला सांगितला आणि रुग्णास समुपदेशन करण्याचेही सांगितले. परंतु अंगरखा तपासता येतो, समुपदेशन तपासता येत नाही.

"शिवाय," मामांनी मुद्दा सोडला नाही, "त्याच बेचाळिसाव्या कलमाचे परंतुक वाच. डॉक्टरने आपल्या रुग्णास स्वतः औषध दिले तर ही अट नाही. देणे इतके जड आहे, तर डॉक्टरच्या हातून ते हलके कसे होते? येथल्याच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंवर, दवाखान्यात थोडी मलमे आणि औषधे ठेवली म्हणून, विनापरवाना विक्रीचा खटला भरला गेला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2023 साली न्यायालयाने तो रद्द केला. इतक्या अल्प साठ्यास विक्री म्हणता येत नाही, आपल्या रुग्णास औषध देण्याची डॉक्टरला मुभा आहे, असा निर्णय झाला. न्याय योग्यच झाला. पण मग धोका औषधात आहे की माझ्या पाटीत?"

"ते परंतुक मलाही पटत नाही," भाची म्हणाली. "मी सारे उत्तम आहे असे कधी म्हटले?"

"आणि ते कचेरी रोडवरचे डब्बा चेट्टीचे दुकान? रासप्पा चेट्टी गल्लीतील नाट्टु मरुंदुवाले? त्यांच्याकडे सिद्धाची, आयुर्वेदाची औषधे मिळतात. ती तयार करावयास परवाना लागतो, विकावयास लागत नाही. तेथे कोण जातीने हजर असतो?"

यावर थोडा वेळ तंजावरकडे विषयांतर झाले, आणि मी ते मुद्दामच होऊ दिले. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी तंजावरात धन्वंतरी महाल उभारला, तेथे देशी आणि विलायती दोन्ही पद्धतींचे वैद्य नेमले, औषधांचे पाठ पारखून त्यांचे संग्रह करविले. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांत त्या काळच्या कारभाराचा कोठे ना कोठे उल्लेख सापडतोच. मामांचे म्हणणे, औषध करणारा आणि औषध सांगणारा यांना एका छपराखाली एकमेकांच्या नजरेत ठेवणे हाच राजाने केलेला कायदा होता. भाचीचे म्हणणे, राजाचे छप्पर एक होते आणि तमिळनाडूची दुकाने हजारो आहेत. मला दोघांचेही बरोबर वाटले, म्हणून मी कॉफी मागितली.

कॉफीबरोबर मामांनी आपले शेवटचे हत्यार बाहेर काढले, आणि ते साधे नव्हते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका पातळ औषधाने लहान मुले दगावली. ते औषध बनले होते चेन्नईपासून थोड्याच अंतरावर, कांचीपुरम जिल्ह्यातील सुंगुवार्चत्रम येथल्या एका कारखान्यात. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने नमुना तपासला तेव्हा त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले, जे गाड्यांच्या शीतकात वापरतात आणि जे मूत्रपिंडे निकामी करते. हे विष या देशास नवे नाही. 1972 साली याच मद्रासेत त्याने मुलांचे बळी घेतले होते. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमधून तेच विष गेले, चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणातील भ्रष्टाचाराची लक्तरे उघड्यावर आणली.

"सांग," मामा म्हणाले, "त्या बाटल्या फळीवर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तुझ्यासारखी एक नव्हे, दहा पदवीधर माणसे दुकानात जातीने हजर असती, तर काय दिसले असते? रंग तोच, चव गोड, नाव छापलेले, परवान्याचा क्रमांक छापलेला. जे विष परवान्याच्या मार्गाने येते ते परवान्याच्या मार्गानेच जाते. सरकारने माझ्या भिंतीकडे पाहावयाचे, की सुंगुवार्चत्रमच्या पिंपांकडे?"

भाची गप्प राहिली. नंतर सावकाश म्हणाली, "दिसले नसते. हे खरे आहे. पण एक सांगते. त्या बाटलीतले विष मला दिसले नसते, तरी ती बाटली कोणत्या वयाच्या मुलास दिली जात आहे हे दिसले असते. चार वर्षांखालील मुलांस तशी मिश्र औषधे देऊ नयेत, असे वेष्टनावर छापण्याचा हुकूम औषध महानियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरातच काढला होता. मी निदान विचारले असते, बाळ केवढे? हे विचारणारे कोणी नसावे, असे तुम्हाला म्हणावयाचे आहे का? आणि पिंपे तपासणारा निरीक्षकही राज्याचाच, भिंत तपासणाराही राज्याचाच. तो दोन्हीकडे गेला नाही, म्हणून एकीकडचे माणूस काढून टाका, हा कसला न्याय?"

मामांनी कप खाली ठेवला. वास्तविक या राज्यास तपासणीचे काम जमत नाही असे नाही. सरकारी रुग्णालयांसाठी औषधे खरेदी करणारे तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 साली स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतील कोठारे, नमुन्यांची चाचणी झाल्याखेरीज माल न सोडण्याची शिस्त आणि रुग्णालयांना दिलेली पासबुके यांमुळे त्याचा कित्ता इतर राज्यांनी गिरवला. 2025 च्या फेब्रुवारीत सरकारने हजार 'मुदल्वर मरुंदगम', म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या नावाची औषधालये, उघडली, तीही फार्मसीच्या पदवीधर आणि पदविकाधर तरुणांना तीन लाखांपर्यंत साहाय्य देऊन आणि सहकारी संस्थांच्या मार्फत. म्हणजे सरकार जेथे स्वतः गिऱ्हाईक असते किंवा स्वतः दुकान मांडते, तेथे त्याचे डोळे उघडे असतात. जेथे ते केवळ नियामक असते, तेथे त्यांवर झापड येते. हे मत माझे, त्या दोघांचे नव्हे.

"आणखी एक," भाचीने आता आवाज खाली आणला. "2018 साली तुमच्याच औषधविक्रेत्यांच्या संघटनेने मद्रास उच्च न्यायालयात अर्ज केला होता, आठवते? संगणकावरून होणारी औषधविक्री बंद करा म्हणून. डिसेंबरात एकल न्यायपीठाने तसा हुकूमही दिला, नियम होईपर्यंत विक्री थांबवा असा. आणि थोड्याच दिवसांत खंडपीठाने त्यास स्थगिती दिली. त्या नियमांचा मसुदा त्याच वर्षीच्या ऑगस्टात निघाला होता, तो सात वर्षे झाली तरी मसुदाच आहे. पण तुमची फिर्याद काय होती, मामा? हीच ना, की घरपोच येणाऱ्या खोक्याबरोबर फार्मासिस्ट येत नाही, चिठ्ठी पाहणारा कोणी जातीने हजर नसतो? तुम्ही तेव्हा एक दिवस दुकान बंद ठेवून मोर्चाला गेला होतात. टपाल वाटणारा तेव्हा एकदम विद्वान झाला होता."

मामा मोठ्याने हसले. हसण्यातून खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर ते बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले, जेथे दुकानातून आणलेली एक रिकामी लाकडी चौकट टांगलेली होती.

"वडील वारले तेव्हा मी वाणिज्य शाखेचा पदवीधर होतो," ते म्हणाले. "नोंदणी त्यांच्या नावे, ती त्यांच्याबरोबर गेली. दुकानावर आठ माणसे जगत होती. एका गृहस्थाचे प्रमाणपत्र महिना ठराविक रक्कम देऊन या चौकटीत लावले. ते गृहस्थ दुसरीकडे नोकरी करीत होते. सहा वर्षांत ते दुकानात तीनदा आले, त्यातून दोनदा पैसे वाढवून मागावयास. औषधे मी देत होतो. वडिलांजवळ बसून शिकलो होतो, म्हणून चूक झाली नाही. निदान मला कळली अशी झाली नाही. पुढे धाकट्या भावाने फार्मसीची पदविका घेतली, तेव्हा चौकटीत घरचे नाव आले."

पाऊस थोडा वाढला. अशा कबुलीनंतर लेखकाने काय लिहावे हा प्रश्नच आहे. कारण प्रमाणपत्र भाड्याने देण्याघेण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे, परिषदांना ठाऊक आहे, निरीक्षकांना ठाऊक आहे, आणि तिच्याविषयी बोलताना प्रत्येकजण दुसऱ्याच्या पेठेकडे बोट दाखवितो. कायद्याने मनुष्य मागितला. बाजाराने त्याचा कागद पुरवला. पण कायद्याच्या धीमेपणाचाही यात वाटा आहे. बेचाळिसावे कलम कोणत्या तारखेपासून लागू करावे हे 1948 मध्ये प्रत्येक राज्यावर सोपवले गेले. तारखा नेमल्या जाईनात, म्हणून 1976 च्या दुरुस्तीने आणि तिच्यातील पुढे आठ वर्षांपर्यंत लांबवलेल्या मुदतीने ते 1984 साली उरलेल्या राज्यांत आपोआप लागू झाले. छत्तीस वर्षे दाराशी उभा राहिलेला कायदा आत आला, तोवर घरातल्यांनी त्याच्यावाचून राहावयाची सवय करून घेतली होती.

"मला हे आई कधी बोलली नाही," भाची म्हणाली.

"तिला ठाऊक असते तर ना." मामांनी विषय बदलण्यासाठीच जणू विचारले, "तुमच्या रुग्णालयात सारे नियमाने चालत असेल. ती नवी नोंदवही आहे ना, एच-वन अनुसूचीची? मी दुकान विकायच्या आधी ती आली. 2014 च्या मार्चपासून. शेहेचाळीस औषधे होती पहिल्या यादीत, तीव्र प्रतिजैविके, क्षयाची, झोपेची. प्रत्येक विक्रीस डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, परिमाण. आणि वही तीन वर्षे जपून ठेवावयाची."

"आहे."

"ती देताना भरता?"

तिने लगेच उत्तर दिले नाही. खिडकीतून येणारे तुषार चौकटीच्या काचेवर पडू लागले होते; तिने उठून खिडकी लावली आणि पदराने काच पुसली. "सकाळी खिडकीशी चाळीस माणसांची रांग असते, मामा," ती पाठमोरीच म्हणाली. "देताना मी बोलते. बोलणे मी कधी सोडत नाही. वही शनिवारी दुपारी भरते, बिलांवरून. आठवड्याची एकदम."

"आणि तिच्यात तारीख कोणती घालतेस?"

"विक्रीची," ती म्हणाली.